अंगठा दिला म्हणजे होकार दिला का?

दवाखान्यातल्या कागदावर बाईनं सही केली किंवा अंगठा दिला, की तिची संमती मिळाली असं डॉक्टर धरून चालतात, औषध कंपनी धरून चालते, आणि पुढे काही विपरीत घडलं तर तोच कागद सगळ्यांपुढे नाचवला जातो. माझं म्हणणं असं आहे की हा कागद बहुतेक वेळा संशोधन करणाऱ्याला वाचवतो, बाईला वाचवत नाही. बाईला वाचवणाऱ्या गोष्टी दोनच. आपल्यावर नेमकं काय होणार आहे याची खरी माहिती, आणि 'नको' म्हटलं तरी आपले उपचार बंद पडणार नाहीत याची खात्री. या दोन्ही नसतील तर अंगठ्याला होकार म्हणता येत नाही. ती कागदाला लागलेली शाई असते, एवढंच.

आपल्या वर्धा जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, सावंगीला दुसरं आहे. आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर, देवळी, सेलू अशा साऱ्या तालुक्यांतल्या बाया तिथे येतात, शेजारच्या जिल्ह्यांतूनही येतात. जिथे डॉक्टर घडतात तिथे संशोधनही होणार, आणि व्हायलाच हवं. कोविडच्या साथीत, २०२० साली, कोविशील्ड लशीची जी चाचणी देशभर झाली तिच्या केंद्रांपैकी एक सेवाग्राम होतं. त्या चाचणीत काही वावगं झालं असं मला सुचवायचं नाही. पण तेव्हा रोज वर्तमानपत्रात वाचलेला 'चाचणी' हा शब्द साथ ओसरल्यावर आपण विसरून गेलो. चाचण्या मात्र थांबलेल्या नाहीत. नव्या औषधांच्या, लशींच्या, तपासण्यांच्या चाचण्या देशभर चालू आहेत, आणि त्यांना लागणारी माणसं सरकारी आणि धर्मादाय दवाखान्यांच्या रांगेतूनच बहुतेक वेळा मिळतात.

विदर्भातल्या एका रुग्णालयात आमच्या गटातली एक बाई चार वेळा जाऊन आली. पिशवीतून तिनं मला कागद दाखवले. इंग्रजीत आठ पानं, शेवटी तिचा अंगठा, बाजूला नवऱ्याची सही. हे कशाबद्दल आहे म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मले काय समजते ताई? सायबानं म्हटलं, म्या आंगठा देल्ला. नाई म्हटलं असतं त पुन्हा पाह्यलं असतं का त्यायनं?" पूर्ण प्रश्न तिच्या शेवटच्या वाक्यात आला आहे. तिला माहिती नव्हती हे अर्धंच दुःख. नकार दिला तर डॉक्टर तोंड फिरवतील ही भीती उरलेलं अर्धं.

उपचार वेगळे, प्रयोग वेगळा

आपण आजारी पडतो तेव्हा डॉक्टर जे औषध देतात ते आपल्या भल्यासाठी देतात. चुकत असतील, पण हेतू आपल्याला बरं करण्याचा असतो. चाचणीत हेतू वेगळा असतो. एखादं औषध चालतं का, किती अपाय करतं, जुन्यापेक्षा बरं आहे का, हे शोधायचं असतं. त्याचा फायदा उद्याच्या रुग्णांना होईल, आजच्या रुग्णाला होईलच असं नाही. पहिल्या टप्प्यात थोड्या माणसांवर औषध शरीराला सोसतं का हे पाहतात, दुसऱ्यात त्याचा गुण येतो का हे पाहतात, तिसऱ्यात शेकडो-हजारो लोकांवर तुलना करतात, आणि औषध बाजारात आल्यानंतरची नजर हा चौथा टप्पा.

तुलना करायची म्हणजे गट पाडायचे. कोणत्या गटात कोण जाईल हे डॉक्टर ठरवत नाही, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. एका गटाला नवं औषध मिळतं, दुसऱ्याला जुनं किंवा प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी. पुष्कळदा देणाऱ्यालाही ठाऊक नसतं की या बाईला काय मिळतंय. शास्त्राच्या दृष्टीनं हे बरोबर आहे, नाहीतर खरं-खोटं कळणार नाही. पण आपल्या बाईच्या मनात काय असतं? 'मोठ्या दवाखान्यातलं नवीन औषध मला फुकट मिळालं.' चिठ्ठीत कदाचित तिला औषधच मिळालेलं नाही, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. डॉक्टर तेच, खोली तीच, पांढरा कोट तोच. मग उपचार कुठे संपला आणि प्रयोग कुठे सुरू झाला, हे तिनं कसं ओळखावं?

उस्मानाबाद आणि मुंबईत काय झालं

हे सगळं हवेत बोलण्यापेक्षा आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण घेऊ. स्त्री संघटनांनी ते तोंडपाठ करून ठेवावं असं आहे.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर हा आपल्याकडच्या गरीब बायांचा आजार. तो वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो, आणि कॅन्सर होण्याआधीच तपासणीत ओळखता येतो. पॅप चाचणी जगाला १९४०च्या दशकापासून माहीत आहे. ज्या देशांत ती नेमानं केली गेली तिथे या कॅन्सरचे मृत्यू झपाट्यानं घटले. आपल्याकडे प्रश्न असा मांडला गेला की पॅपसाठी प्रयोगशाळा आणि तज्ज्ञ लागतात, मग खेड्यात सोपी तपासणी चालेल का? म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाला ॲसेटिक आम्ल, साध्या भाषेत व्हिनेगर, लावून पांढरे डाग दिसतात का हे पाहायचं. किंवा एचपीव्ही विषाणूची चाचणी करायची. हे तपासायला १९९०च्या दशकाच्या अखेरीस तीन मोठ्या चाचण्या सुरू झाल्या. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलनं केली, तिला अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेचा पैसा होता. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीनं झाली, तिला गेट्स फाउंडेशनचा पैसा होता. तिसरी तमिळनाडूत दिंडिगल जिल्ह्यात झाली.

उस्मानाबादच्या चाचणीत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया होत्या. गावांचे चार गट पाडले. तीन गटांत तीन वेगवेगळ्या तपासण्या झाल्या. चौथ्या गटातल्या ३१,४८८ बायांची तपासणी झाली नाही. त्यांना आजाराची माहिती दिली गेली, आणि तपासणी हवी असेल तर कुठे जावं हे सांगितलं गेलं. निकाल २००९ साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. एचपीव्ही चाचणी झालेल्या ३४,१२६ बायांपैकी ३४ जणी या कॅन्सरनं गेल्या. तपासणी न झालेल्या गटात ६४ जणी गेल्या. एकाच तपासणीनं मृत्यूंचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं हे सिद्ध झालं. मुंबईत ७५,३६० बायांची व्हिनेगर-तपासणी झाली, ७६,१७८ बाया तुलनेच्या गटात होत्या. २०१३ साली जाहीर झालं की तपासणीच्या गटात मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. जगभर टाळ्या पडल्या.

टाळ्या वाजवणाऱ्यांना एका अमेरिकी डॉक्टरनं साधा प्रश्न विचारला. डॉ. एरिक सुबा त्यांचं नाव. तिन्ही चाचण्यांत मिळून १,३८,६२४ बायांना तपासणीवाचून ठेवलं, आणि त्यांच्या हिशेबाप्रमाणे त्यांतल्या किमान २५४ या कॅन्सरनं मेल्या. तपासणीनं हा कॅन्सर टळतो हे आधीच माहीत असताना या बाया कशासाठी मरू दिल्या? त्यांच्या तक्रारीवरून अमेरिकेच्या सरकारी कार्यालयानं मुंबईच्या चाचणीची चौकशी केली आणि २०१२ साली निष्कर्ष काढला, की बायांना संमती देताना पुरेशी माहिती दिली गेली नव्हती. उस्मानाबादबद्दल त्या कार्यालयाला काही करता आलं नाही, कारण तिथला पैसा अमेरिकी सरकारचा नव्हता. बाईचा जीव तोच, आजार तोच. पण तिच्या हक्काचा न्याय पैसा कुणाच्या खिशातून आला यावर ठरला!

संशोधकांची बाजूही सांगितली पाहिजे. ते म्हणाले, भारतात या कॅन्सरच्या तपासणीचा सरकारी कार्यक्रमच नव्हता. म्हणजे नेहमीची सेवा ही 'काहीच नाही' अशीच होती. तुलनेच्या गटातल्या बायांचं आम्ही काही काढून घेतलं नाही. त्यांना जे मिळत होतं तेच मिळत राहिलं. आणि या पुराव्याशिवाय सरकार पुढचा कार्यक्रम आखणार नव्हतं.

हा युक्तिवाद नीट ऐका. तो पुन्हा पुन्हा आपल्या कानावर येणार आहे.

'उपलब्ध' या शब्दाची मेख

'तुला एरवीही काही मिळणार नव्हतं.' गरीब बाईला आजवर नवऱ्यानं, मालकानं, सावकारानं हेच सांगितलं. आता शास्त्रही तेच सांगू लागलं. उस्मानाबादच्या खेड्यात पॅप चाचणी नव्हती ती काही देवाची करणी नव्हती. ती सरकारनं दिली नव्हती म्हणून नव्हती. आधी सरकारनं द्यायचं नाही, आणि मग न दिल्याचा आधार घेऊन कुणीतरी तिथे 'काहीच नाही' असा गट उभा करायचा. ज्या मायदेशातून पैसा आला तिथे असा गट उभा करता आला असता का? न्यू यॉर्कमधल्या तीस हजार बायांना तपासणीवाचून ठेवून त्यांच्या मृत्यूंची मोजणी झाली असती का? नाही. तिथे 'नेहमीची सेवा' म्हणजे तपासणी. इथे 'नेहमीची सेवा' म्हणजे देवावर हवाला.

आपल्या सीमेवरच्या बेळगाव जिल्ह्यातही असंच झालं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणाऱ्या मिसोप्रोस्टॉल गोळ्यांची चाचणी तिथे २००२ ते २००५ या काळात झाली. घरी किंवा उपकेंद्रात परिचारिकेच्या हातून बाळंत होणाऱ्या १,६२० बाया. निम्म्यांना औषधाच्या गोळ्या, निम्म्यांना प्लासिबो. प्लासिबोच्या गटात १२ टक्के बायांना जास्त रक्तस्राव झाला, औषधाच्या गटात ६.४ टक्क्यांना. या चाचणीचा उपयोग झाला, हे मान्यच करायला हवं. पुढे जगभर ही गोळी गावपातळीवर मान्य झाली, आणि तिनं जीव वाचवले. पण प्लासिबो का, तर तिथल्या परिचारिकेकडे तेव्हा दुसरं औषधच नव्हतं. पुन्हा तेच उत्तर. ती परिचारिका रिकाम्या हाताची का होती, हे विचारायचं काम चाचणीचं नव्हतं. मग ते कुणाचं होतं?

आजचा कायदा यावर काय म्हणतो? १९ मार्च २०१९ पासून 'नवीन औषधे आणि चिकित्सालयीन चाचण्या नियम, २०१९' लागू आहेत. त्यांत एक चांगलं कलम आहे. प्रमाणित उपचार उपलब्ध असूनही ते न देता प्लासिबो दिला आणि त्यामुळे इजा किंवा मृत्यू झाला, तर भरपाई द्यावी लागते. आता 'उपलब्ध' हा शब्द धरा. कुठे उपलब्ध? मुंबईत, नागपुरात, की समुद्रपूरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात? कुणाला उपलब्ध? खिशात पैसे असलेल्याला, की रोजंदारीवर कापूस वेचणारीला? या एका शब्दावर बाईचा जीव टांगलेला आहे, आणि त्याचा अर्थ ठरवायला बसलेल्या टेबलाशी ती नाही.

त्याहून कडू भाग पुढचा आहे. त्या बायांच्या मरणातून जे ज्ञान निघालं ते तरी त्यांच्या लेकी-सुनांपर्यंत पोहोचलं का? सरकारनं २०१६ साली ३० वर्षांवरच्या बायांची व्हिनेगर-तपासणी करण्याच्या सूचना काढल्या. आणि २०१९ ते २१ मधल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं की देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायांपैकी फक्त १.९ टक्के बायांची ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली होती. शंभरात दोघीसुद्धा नाहीत! म्हणजे उस्मानाबादच्या निकालानंतर दहा वर्षांनीही बहुसंख्य भारतीय बाई त्याच 'काहीच नाही' गटात होती. तिच्या नावानं चाचणी झाली, शोधनिबंध छापले गेले, परिषदा भरल्या. तिला तपासणी मिळाली नाही.

कुणाची संमती?

आपल्या चळवळीला हा इतिहास नवा नाही. १९८५ साली हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथे नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचणीसाठी बायांना गोळा केलं गेलं, तेव्हा स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्यांनी जाऊन विचारलं की यांना काय सांगितलंय? फारसं काही सांगितलेलं नव्हतं. १९८६ साली स्त्री शक्ती संघटना, सहेली आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. इंजेक्शन चांगलं की वाईट एवढ्यापुरता तो लढा नव्हता. बाईला न सांगता तिच्या शरीरावर काहीही करू नये, हे त्याचं मूळ होतं.

पंचवीस वर्षांनी पुन्हा तेच. २००९-१० साली आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात १० ते १४ वयाच्या सुमारे २४,००० मुलींना एचपीव्ही लस दिली गेली. त्यांतल्या पुष्कळ आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. सात मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये काम थांबवलं. ते मृत्यू लशीमुळे नव्हते असं सरकारी चौकशीनं म्हटलं. पण ऑगस्ट २०१३ मध्ये संसदीय समितीनं अहवाल दिला त्यात संमतीचा हिशेब होता. आंध्रातल्या ९,५४३ अर्जांपैकी १,९४८ वर अंगठे होते, आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या प्रमुखांच्या सह्या होत्या. कुणाची लेक, कुणाची सही!

आपल्या घरांतही हेच होतं, फक्त वसतिगृह-प्रमुखाच्या जागी नवरा किंवा सासरा असतो. म्हणून इथे ठासून सांगते. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या बाईची संमती तीच देऊ शकते. नवऱ्याची सही त्या जागी चालत नाही, आणि तिनं होकार दिला तर वर नवऱ्याची परवानगी लागत नाही. तिच्या वतीनं दुसऱ्यानं सही करायची ती फक्त ती स्वतः सांगण्याच्या स्थितीत नसेल तेव्हा. लहान मुलांसाठी आई-वडिलांची संमती लागते, आणि कळत्या वयाच्या मुलीला तिच्या भाषेत समजावून तिचा होकारही घ्यावा लागतो.

दवाखान्यात हे प्रश्न विचारा

इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेनं २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्या प्रकरणात सरकारनंच सांगितलं की जानेवारी २००५ ते जून २०१२ या काळात नव्या औषधांच्या चाचण्यांदरम्यान २,६४४ माणसं मेली, आणि त्यांतले ८० मृत्यू चाचणीमुळे झाल्याचं मानलं गेलं. बाकीचे आजारानं मेले, असं म्हटलं गेलं. ते कुणी ठरवलं, हा प्रश्न उरतोच. या लढ्यामुळे नियम कडक झाले. आता जे हक्क आहेत ते कुणी खुशीनं दिलेले नाहीत. ते वापरले नाहीत तर गंजतील. गटाच्या बैठकीत पुढचे प्रश्न मोठ्यानं वाचा.

१. हा उपचार आहे की चाचणी? सरळ 'चाचणी' या शब्दात उत्तर मागा. 'नवीन योजना' किंवा 'स्पेशल औषध' हे उत्तर नव्हे.

२. मी यात नाही आले तर मला कोणते उपचार मिळतील? सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. नकार दिला तरी नेहमीचे उपचार मिळालेच पाहिजेत.

३. किती गट आहेत, आणि एखाद्या गटाला प्लासिबो किंवा काहीच न मिळण्याची शक्यता आहे का?

४. हे औषध याआधी माणसांना दिलंय का? काय अपाय दिसले? मी गरोदर असेन, राहिले किंवा अंगावर पाजत असेन तर काय?

५. हे सगळं मला मराठीत लिहून मिळेल का? माहितीपत्रक आणि संमतीपत्र रुग्णाला समजणाऱ्या भाषेत असलं पाहिजे. वाचता येत नसेल तर तिऱ्हाईत साक्षीदारासमोर वाचून दाखवलं पाहिजे. हा साक्षीदार चाचणीच्या चमूतला नसावा. गटातली एखादी वाचणारी मैत्रीण सोबत न्या.

६. माझी प्रत कुठे आहे? संमतीपत्राची प्रत तुम्हाला द्यावीच लागते. ती घरी घेऊन जा, दोन दिवस विचार करा, चार जणींना दाखवा.

७. मला मध्येच बाहेर पडता येईल का? येतं. कारण सांगावं लागत नाही, दंड नाही.

८. इजा झाली तर? चाचणीत असताना इजा झाली तर मोफत उपचार, आणि ती चाचणीमुळे झाली असेल तर वर नुकसानभरपाई हा हक्क आहे. मृत्यू झाला तर वारसाला भरपाई मिळते. पोटातल्या बाळाला चाचणीमुळे इजा झाली तरी भरपाई लागू होते. म्हणून अर्जावर वारसदाराचं नाव, तुमचा कामधंदा आणि उत्पन्न नीट लिहिलंय का ते बघा.

९. रात्री-बेरात्री त्रास झाला तर फोन कुणाला करायचा? डॉक्टरचा आणि नैतिकता समितीचा नंबर कागदावर असला पाहिजे.

१०. या चाचणीचा नोंदणी क्रमांक काय? २००७ पासून देशात चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही आहे, आणि औषध नियंत्रकाच्या परवानगीनं होणाऱ्या चाचण्यांची नोंद १५ जून २००९ पासून सक्तीची आहे. ही नोंदवही इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. गावातली कॉलेजात जाणारी मुलगी पाच मिनिटांत ती उघडून दाखवेल.

अगदी नव्या रसायनाच्या औषधाची चाचणी असेल आणि त्यात दुर्बल गटातली माणसं असतील, तर संमती घेतानाचं चित्रीकरण करावं लागतं. ते करायला सांगा. समोर कॅमेरा असला की समजावून सांगणाऱ्याची जीभ जरा सावकाश चालते. एक ध्यानात असू द्या. उस्मानाबादसारख्या, औषध नसलेल्या तपासणीच्या चाचण्या या औषध-नियमांच्या भरपाईच्या चौकटीत सरळ बसत नाहीत. त्यांना भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचना लागू होतात. म्हणजे जिथे बाया जास्त संख्येनं असतात तिथेच कायद्याची पकड सैल आहे.

'तुम्ही बायांना घाबरवता'

हे सगळं बोललं की डॉक्टर मित्र म्हणतात, ताई, तुम्ही असं सांगत सुटलात तर एकही बाई चाचणीत येणार नाही. मग सिकलसेलवर औषध कसं निघणार? गोऱ्या पुरुषांवर तपासलेली औषधं आपल्या ॲनिमियानं खंगलेल्या बायांना सोसतील का?

प्रश्न खरा आहे. विदर्भात सिकलसेल घरोघरी आहे, आणि त्यावर संशोधन हवंच. बायांना चाचण्यांतून वगळण्याचाही एक इतिहास आहे. अमेरिकेत १९७७ पासून १९९३ पर्यंत मूल होण्याच्या वयातल्या बायांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांपासून दूर ठेवलं गेलं, आणि पुढे त्याच बायांना ती औषधं दिली गेली. तोही अन्यायच. म्हणून आपली मागणी 'संशोधन नको' अशी कधीच नव्हती. बाई संशोधनात यावी, ती जाणती होऊन यावी. पण जी चाचणी खरं सांगितल्यावर बायांविना ओस पडते, ती खोटं सांगून भरायचा अधिकार कुणाला नाही. आणि माझा अनुभव असा, की बायांना समजावलं तर त्या पळत नाहीत. त्या विचारतात, "आमच्या पोरीबाळींच्या कामी येईन का हे?" त्यागाची सवय आपल्या बायांना पुरेपूर आहे. निदान तो त्याग विचारून मागावा, चोरून घेऊ नये.

दुसरा आक्षेप: डॉक्टरला वेळ कुठे आहे? बाह्यरुग्ण विभागात शंभर माणसं रांगेत उभी असतात. खरं आहे. पण चाचणीला पैसा मिळतो, माणूस मिळतो. समजावून सांगायला मराठी-वऱ्हाडी बोलणारी एक समुपदेशक त्याच पैशातून नेमता येते. वेळ नाही हे उपचाराबद्दल समजू शकते. प्रयोगाबद्दल वेळ नसेल तर प्रयोग करू नये.

आपण काय करायचं?

पहिलं, नैतिकता समितीत शिरायचं. औषधांच्या चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या प्रत्येक समितीत किमान सात सदस्य लागतात. निम्मे संस्थेबाहेरचे हवेत, एक कायदा जाणणारा, एक सामान्य माणूस, एक समाजशास्त्र किंवा स्वयंसेवी संस्थेच्या बाजूचा, आणि किमान एक स्त्री. या जागा कायद्यानं आहेत. त्या बहुतेक वेळा संस्थेच्या ओळखीतल्या, गप्प बसणाऱ्या माणसांनी भरतात. आपल्या जिल्ह्यातल्या दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांना पत्रं लिहू या. समितीवर कोण आहे ते विचारू, आणि आपल्यातल्या जाणत्या बायांची नावं देऊ. 'उपलब्ध' शब्दाचा अर्थ ठरतो त्या टेबलाशी आपण बसलं पाहिजे.

दुसरं, आशाताईंशी बोलायचं. गावात चाचणीसाठी बाया गोळा करायचं काम पुष्कळदा त्यांच्यावर येतं. त्या सांगतात म्हणून बाई जाते. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या आशाताईला दोष देऊन भागणार नाही. तिच्या हातात वरच्या दहा प्रश्नांचं पत्रक द्या. ती आपलीच आहे.

तिसरं, चाचणीनंतरचा हिशेब मागायचा. ज्या गावात चाचणी झाली त्या गावाला निकाल मराठीत कळला का? औषध किंवा तपासणी लागू पडली, तर ती त्या गावाला आधी मिळाली का? मंजुरीच्या वेळीच हे लेखी घ्या. नाहीतर उस्मानाबादसारखं होतं. शोधनिबंध अमेरिकेत, मरण गावात.

चौथं, डॉक्टरांमधल्या मित्रांना सोबत घ्यायचं. औषध कंपन्यांच्या नफेखोरीवर बोट ठेवणाऱ्या मेडिको फ्रेंड सर्कलच्या बैठका याच सेवाग्रामला अनेकदा भरल्या आहेत. आपल्याला एकटं पडायचं कारण नाही.

आणि सरकारकडे एकच मागणी, पण रोज करायची. ३० वर्षांवरच्या प्रत्येक बाईची गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात, नेमानं, फुकट. ज्या दिवशी ती प्रत्येक गावात खरोखर मिळेल, त्या दिवशी 'तुला एरवीही काही मिळणार नव्हतं' हे वाक्य कुठल्याही संशोधकाला उच्चारता येणार नाही. आपण गावात काय मिळवून ठेवतो, त्यावरच दवाखान्यात आपल्या बाईचा 'नको' किती वजनाचा हे ठरतं. अंगठा तिचा आहे. तो कुठे उठवायचा आणि कुठे नाही, हे तिनंच ठरवायचं.